पितळेला दिलेला ताव

मध्यंतरी कल्याणात एका जुन्या घरी जाण्याचा योग आला. माजघरातल्या कोनाड्यात पितळेची एक फुलदाणी होती. फूटभर उंच, नळकांड्यासारखी सरळ, आणि दर दसऱ्याला चिंच लावून घासलेली असल्यामुळे लखलखीत. यजमान म्हणाले, "पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. परत येताना त्यांनी आणली." मी ती उलटी करून पाहिली. तळावर १९१६ हा आकडा होता, आणि त्याच्या भोवती ठोकलेली काही इंग्रजी अक्षरे. तीच ती अक्षरे पुन्हा पुन्हा उमटवलेली होती. ती फुलदाणी नव्हतीच. अठरा पौंडी तोफेच्या गोळ्यामागे बसणारी ती पितळी पुंगळी होती. आणि तळावरच्या खुणा सांगत होत्या की ही पुंगळी एकदा नव्हे, अनेकदा भरली गेली, अनेकदा उडवली गेली, आणि दर वेळी कोणीतरी तिला पुन्हा कामाजोगी केली.

एकदा वापरून झिजलेली पुंगळी पुन्हा उभी कशी राहते? आणि तुमच्या-आमच्या ठाणे-कल्याणच्या मुलखाशी या गोष्टीचा काय संबंध? आज त्याचीच हकीकत सांगायची आहे.

आधी शब्दांकडे पाहू. 'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत तो 'कार्तुश'. ठाणे १७३७ पर्यंत आणि वसई १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती, तेव्हा हा शब्द आपल्या खाडीकाठाला काही नवा नाही. पण काडतुसातली दारू जळून गेली, गोळी निघून गेली, की मागे जे रिकामे पितळी घर उरते त्याला आपण 'पुंगळी' म्हणतो, आणि तो शब्द मात्र अस्सल आपला आहे. धातूचा व्यवहारही आपल्याला जुनाच. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने कल्याण बंदराचे वर्णन लिहून ठेवले आहे. तेथून परदेशी जाणाऱ्या मालात त्याने कापड आणि लाकूड यांच्या बरोबरीने एका धातूचे नाव घेतले आहे. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ कोणी तांबे करतात, कोणी पितळ. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी कल्याणच्या धक्क्यावर हा धातू गलबतांत चढत होता.

तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते. काडतुसाच्या पितळेत साधारण शंभरात सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. या पितळेचा एक स्वभाव आहे, आणि आजची सारी गोष्ट त्या स्वभावावर उभी आहे. तांबटाच्या दुकानापुढे तुम्ही कधी घटकाभर उभे राहिला असाल तर तो तुम्ही डोळ्यांनी पाहिला असेल. तांबट पत्रा ठोकू लागतो. सुरुवातीला पत्रा मऊ असतो, हातोड्याखाली वळतो, वाकतो. मग हळूहळू आवाज बदलतो. बद्द आवाज जाऊन खणखणीत आवाज येऊ लागतो. पत्रा कडक झाला, आता आणखी ठोकला तर तडकणार, हे तांबट त्या आवाजावरून ओळखतो. मग तो हातोडा ठेवतो, भांडे भट्टीत धरतो, लालसर होईपर्यंत ताव देतो. बाहेर काढले की भांडे पुन्हा मऊ. पुन्हा ठोकणे, पुन्हा ताव.

लोहाराचे याच्या उलट असते, बघा. तो कोयता तापवतो आणि पाण्यात बुडवतो. त्याला आपण 'पाणी देणे' म्हणतो. पाणी दिले की पोलाद कडक होते. पितळ तापवून पाण्यात टाकले तरी ते कडक होत नाही, मऊच राहते. पितळेला कडक करतो तो मार, आणि मऊ करतो तो ताव. धातूच्या आत बारीक स्फटिकांची रचना असते. ठोकल्याने ती विस्कटते, ताणली जाते. तापवल्यावर ती नव्याने जुळून येते. शास्त्रज्ञांनी हे सूक्ष्मदर्शकातून फार उशिरा पाहिले. तांबटाला ते पिढ्यान्‌पिढ्या कानाने कळत होते.

आता बंदुकीकडे वळू. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला आगगाडी आली, हे शाळेतली मुलेही सांगतील. त्याच साली विलायतेत एनफील्ड नावाची नवी रायफल मुक्रर झाली. तिचे काडतूस कागदी होते. शिपायाने कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि गोळी वरून ठासायची. त्या कागदाला लावलेल्या चरबीवरून १८५७ साली काय झाले, ते तुम्ही जाणताच. त्यानंतर दहा वर्षांच्या आत ते कागदी काडतूस मागे पडले. वुलिचच्या सरकारी प्रयोगशाळेचा प्रमुख एडवर्ड बॉक्सर याने १८६६ च्या सुमारास धातूचे काडतूस तयार केले. दारू, गोळी आणि पेट घेणारी टोपी या तिन्ही वस्तू एकाच घरात आल्या, आणि बंदूक मागून भरता येऊ लागली. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला.

पण बॉक्सरची पुंगळी एकसंध नव्हती. पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून तिला लोखंडी बूड जोडलेले असे. बंदूक तापली, धूळ शिरली, की ती गुंडाळी नळीच्या घरात अडकून बसे. बूड तुटून हातात येई आणि पुंगळी आतच राही. १८८५ साली सुदानच्या वाळवंटात मार्टिनी-हेन्री रायफली ऐन लढाईत अशा अडकल्या, आणि त्याची किंमत शिपायांनी प्राणांनी मोजली. मग एकसंध पितळेची, ओढून काढलेली पुंगळी सर्वत्र रूढ झाली.

ही 'ओढून काढणे' म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. पितळेच्या जाड पत्र्यातून चकती पाडतात. ती दाबून तिची वाटी करतात. मग ती वाटी साच्यातून पुन्हा पुन्हा दाबून लांब नळी करतात. दर दाबाने पितळ कडक होते, म्हणून मधून मधून ताव द्यावा लागतो. म्हणजे तांबटाचीच रीत. हातोड्याच्या जागी यंत्र आले एवढेच. शेवटी मात्र कारखाना एक युक्ती करतो. तो पुंगळीचे बूड मुद्दाम कडक ठेवतो आणि मान, म्हणजे जेथे गोळी बसते ती बाजू, ताव देऊन मऊ करतो. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तांबूस झाक दिसते, ती या तावाची खूण.

असे का करायचे? चाप ओढला की दारू पेटते आणि वायूचा प्रचंड दाब होतो. मऊ मान फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे शिपायाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की ती किंचित आवळते आणि पुंगळी बाहेर काढता येते. बुडाला मात्र मऊ राहून चालत नाही. सारा धक्का त्याच्यावर येतो. बूड ढिले पडले तर पुंगळी मागच्या बाजूने फाटेल. एकाच भांड्याला दोन स्वभाव द्यायचे, हे या कारागिरीचे मर्म आहे.

बार झाला म्हणजे मान फुगली आणि आवळली. हा तिला बसलेला मारच. पुंगळी साच्यात दाबून पुन्हा मूळ मापाला आणली, की आणखी एक मार. असे चार-सहा वेळा झाले की मान तांबटाच्या ठोकलेल्या पत्र्यासारखी कडक होते, आणि पुढच्या खेपेस तडकते. झिजलेली पुंगळी म्हणजे बहुधा पातळ झालेली पुंगळी अशी आपली समजूत असते. पुष्कळदा ती झिजलेली नसतेच. ती थकलेली असते. आणि थकव्यावर उपाय तोच जुना, ताव. परंतु तो फक्त मानेला. सगळी पुंगळी भट्टीत घातली तर मान बरी होईल आणि बूड मरेल. दिसायला दोन्ही सारखीच चकचकीत दिसतील, आणि धोका कळेल तो बार झाल्यावरच. ज्या अग्नीने धातू सुधारतो त्याच अग्नीने तो बिघडतो. तेव्हा ताव कुठे द्यायचा यापेक्षा कुठे द्यायचा नाही, हे ज्याला कळले तोच खरा कारागीर.

हे न कळल्याची किंमत इंग्रज सरकारने आपल्याच देशात मोजली, आणि मोजायला लावली ती आपल्या पावसाळ्याने. त्या काळी पावसाळा लागला की लष्कराची हालचाल मंदावे. काडतुसांच्या पेट्या घोड्यांच्या पागांमधून ठेवीत. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या तर कित्येक काडतुसे तडकलेली! ज्यांना कोणी हात लावला नाही, ज्यांतून बार झाला नाही, अशी नवी काडतुसे मानेपाशी चिरलेली. मोसमात पडणारा तडा म्हणून इंग्रजांनी त्याला नावही 'सीझन क्रॅकिंग' असेच दिले. कारण मात्र बराच काळ कोणाला सापडेना. ते १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी उलगडून दाखवले. घोड्यांच्या मुतातून अमोनिया वायू सुटतो. कोकणातल्या माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. पावसाळ्यात गोठ्याचे दार उघडले की नाकाला झोंबतो तोच वास. दमट हवेत हा वायू पितळेला लागतो. पण एवढ्याने पितळ तडकत नाही. त्या पितळेत आधीपासून ताण भरलेला असावा लागतो. पुंगळीची मान गोळीवर आवळताना जो ताण आत राहून जातो, तेथेच अमोनिया शिरतो आणि तडा पाडतो. ताण आणि अमोनिया या दोहोंपैकी एक काढून घेतले की दुखणे थांबते. पागा टाळता येते. आणि तीनशे अंशांच्या सुमारास मंद ताव दिला तर पितळेचा कडकपणा फारसा न जाता आतला ताण निघून जातो.

तांबटाला अमोनियाचे हे शास्त्र ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. पण ठोकलेले भांडे ताव दिल्याशिवाय पुढे नेऊ नये, एवढे त्याला पक्के माहीत होते. आणि एवढे साम्राज्य ज्या गोष्टीपाशी अडले, तिचे अर्धे उत्तर आपल्या पेठेतल्या भट्टीत रोज पेटत होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता आपल्या फुलदाणीकडे परत येऊ. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि तोफांनी गोळे असे खाल्ले की कारखाने पुरे पडेनात. १९१५ च्या मे महिन्यात विलायतेत दारूगोळ्याच्या टंचाईवरून एवढा गदारोळ झाला की त्या कामासाठी स्वतंत्र मंत्रिखाते काढावे लागले, आणि ते लॉइड जॉर्ज यांच्याकडे आले. पितळ महाग, तांबे जहाजाने आणायचे आणि समुद्रात पाणबुड्या. अशा वेळी रणांगणावर पडलेली रिकामी पुंगळी म्हणजे कचरा नव्हे, धन होते. अठरा पौंडी तोफेच्या पुंगळ्या गोळा करून मागे धाडीत. त्या धुऊन, तडा आहे का ते तपासून, साच्यात दाबून पुन्हा मापाला आणीत. बुडात आट्यांनी बसवलेली पेटवणी काढून नवी बसवीत, आणि दारू भरून झाली की बुडावर तशी खूण ठोकीत. कल्याणच्या त्या कोनाड्यात मी पाहिल्या त्या याच खुणा. युद्ध संपल्यावर, आणि खरे म्हणजे ते चालू असतानाही, शिपायांनी अशा पुंगळ्यांच्या फुलदाण्या, राखदाण्या केल्या. सरकारला ते पसंत नव्हते, कारण पुंगळी ही सरकारी मालमत्ता. पण घराची आठवण काढणाऱ्या माणसाच्या हातून सरकार तरी काय काय काढून घेणार?

तोफेची पुंगळी पुन्हा भरणे सोपे, कारण तिची पेटवणी फिरवून काढता येते. रायफलीच्या लहान पुंगळीचे तसे नाही. तिच्या टोपीच्या दोन तऱ्हा आहेत. एक त्या इंग्रज बॉक्सरची आणि दुसरी हायरम बर्डन या अमेरिकन माणसाची. बॉक्सरच्या तऱ्हेत पुंगळीच्या बुडाला मधोमध एक भोक असते. सळई घातली की जुनी टोपी बाहेर पडते. बर्डनच्या तऱ्हेत दोन बारीक भोके बाजूला असतात आणि मधे उंचवटा असतो, सळई आडते. गंमत अशी की इंग्रजाची तऱ्हा अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची तऱ्हा इंग्रजी व युरोपीय लष्करांत. म्हणून अमेरिकेत गावोगावच्या शिकाऱ्यांनी आपली काडतुसे घरी भरली, आणि आपल्याकडे लष्कराची रिकामी पुंगळी पुन्हा भरणे जिकिरीचे राहिले.

तरीही ती भरणारे होतेच. वायव्य सरहद्दीवर रिकामी पुंगळी मोलाने विकली जाई. तिकडचे कारागीर ती खटपट करून पुन्हा भरीत, आणि ती गोळी ज्याची पुंगळी त्याच्याच अंगावर परत येई. म्हणून फौजेत रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेण्याची कडक शिस्त पडली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने तर सामान्य हिंदी माणसाच्या हातून बंदूकच काढून घेतली होती. परक्या सरकारचे भय कसे होते पाहा: ज्या देशाच्या तांबटांना पितळेची नस ठाऊक, त्या देशाच्या माणसाजवळ रिकामी पुंगळीसुद्धा राहू द्यायची नाही!

स्वराज्यात हे चित्र पालटले, आणि ते पालटलेले पाहायला फार लांब जायला नको. कल्याणहून कर्जतच्या बाजूला निघा. विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि तिसरे स्टेशन अंबरनाथ. १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी ते गाव आपल्याला ठाऊक असते. त्याच गावात संरक्षण खात्याचा आयुधनिर्माणी कारखाना आहे. पितळ आणि तत्सम धातू वितळवणे, लाटणे, त्यांच्या वाट्या पाडणे हे त्याच्या कामांपैकी एक. काडतुसाची पुंगळी ज्या वाटीतून जन्मते तीच ही वाटी. पुढे खडकी आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव यांसारख्या कारखान्यांत काडतूस पुरे होते. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातील हे सारे कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले असून अंबरनाथचा हा कारखाना 'यंत्र इंडिया' या कंपनीकडे आहे. डोंबिवली, कल्याण, बदलापूर येथील कितीतरी घरांची चूल या कारखान्याच्या भोंग्यावर पेटली. ज्यांच्या पूर्वजांना पुंगळी जवळ बाळगण्याची बंदी होती त्यांची नातवंडे देशासाठी पुंगळीची धातू घडवू लागली. मला हा बदल एखाद्या लढाईतल्या विजयापेक्षा लहान वाटत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, विशेषतः मुरबाड, शहापूरकडच्या माझ्या शेतकरी बांधवांना. रानडुकरांपासून पिकाची राखण करण्यासाठी काहींच्याकडे परवान्याची बंदूक असते. पण बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोजले आहेत, आणि परवान्याशिवाय तो तयार करणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वर सांगितलेले बूड आठवा. चुलीत घालून 'ताजी' केलेली पुंगळी कोणत्या बाजूने फुटेल, हे चुलीला कळत नाही. आणि लष्कराच्या चांदमारीच्या मैदानाजवळ रानात काही पितळी वस्तू पडलेली दिसली, तर ती भंगाराच्या मोहाने उचलू नका. ती रिकामी आहे की भरलेली, हे हातात घेऊन कळत नाही. कळते तेव्हा हात राहत नाही. पोलीस पाटलाला सांगा, पोरांना लांब ठेवा.

शिक्षकबंधूंना मात्र मी एक निर्धोक प्रयोग सुचवतो. विजेच्या तारेतली जाड तांब्याची तार वीतभर घ्या, वरचे रबर पुरते सोलून काढा. मुलांना ती दहा-बारा वेळा वाकवू द्या. ती कडक होत चालली हे त्यांच्या बोटांना कळेल. मग चिमट्यात धरून ती तुम्ही स्वतः ज्योतीवर लाल करा, पाण्यात बुडवून थंड करा आणि पुन्हा मुलांच्या हातात द्या. तार पुन्हा मऊ झालेली पाहून त्यांचे डोळे मोठे होतील. तेव्हा त्यांना तांबटाच्या कानाची, पागेतल्या तडकलेल्या काडतुसांची आणि अंबरनाथच्या पितळी वाट्यांची गोष्ट सांगा. इतिहास केवळ किल्ल्यांत आणि तहनाम्यांत नसतो. तो अशा वीतभर तारेतही असतो.

आपल्याकडे जुने भांडे फुटके झाले तरी कोणी फेकत नाही. ते मोडीला देतो, वजन करतो आणि त्यात भर घालून नवे घेतो. धातू संपत नाही, हे आपल्या आयाबायांना ठाऊक होते. कल्याणच्या त्या घरातली पुंगळी चार वेळा आगीत गेली, चार वेळा परत आली, आणि शेवटी तिच्यात झेंडूची फुले आली. निघताना यजमानीणबाई म्हणाल्या, "एवढी जुनी आहे, आता मोडीत द्यावी म्हणते." मी त्यांना तळावरच्या खुणा दाखवल्या आणि एकेक वाचून त्यांचा अर्थ सांगितला. त्यांनी फुलदाणी पदराने पुसली आणि पुन्हा कोनाड्यात ठेवली.